टुरिस्ट व्हिसावर जर्मनीला जाऊन तिथंच बायकोचं रेसिडेन्स कार्ड काढता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. फेब्रुवारीत लग्न झालं, मिस्टर स्टुटगार्टला इंजिनियर आहेत, ब्ल्यू कार्डवर (शिकलेल्या नोकरदारांना मिळणारं तिथलं राहण्याचं आणि कामाचं परमिट), सुट्टी संपली म्हणून लग्नानंतर पंधरा दिवसांत परत गेले आणि तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत सासरी. स्पाउस व्हिसाला किती महिने लागणार याचा पत्ता नाही. अशात एका एजंटनं सांगितलं की ९० दिवसांचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच टुरिस्ट व्हिसा) काढतो, तिकडं जावा, मिस्टर तुम्हाला तिथल्या ऑफिसात घेऊन जातील आणि तिथल्या तिथं कार्ड मिळेल, सगळे मिळून दीड लाख. तर असं करता येतं का.

नाही ताई, तुमच्या केसमध्ये नाही येत. पैसे भरले नसतील तर भरू नका, भरले असतील तर आजच थांबवा आणि मग पुढचं वाचा.

मी शाहूपुरीत बसून गेली १९ वर्षं परदेशी जाणाऱ्यांच्या फायली करतोय. सुरुवातीला गल्फची पोरं असायची, आता शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतनं शिकून गेलेले, नर्सिंगच्या मुली, आयटीवाले, आणि निम्म्याहून जास्त जर्मनीचेच असतात. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी (स्टुटगार्ट त्यातच येतं) कुशल कामगारांचा करार केला, तेव्हापासनं तर त्या स्टुटगार्ट पट्ट्याची चौकशी अजूनच वाढलीय. त्यामुळं तुमचा हा प्रश्न महिन्यातनं चार वेळा तरी समोर येतो, आणि दर वेळी विचारणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर तेच असतं, की नवीन लग्न झालंय, नवरा तिकडं, व्हिडिओ कॉलवर संसार चाललाय. ते मला कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्हिसाचं स्टिकर समजून घ्या. पासपोर्टात चिकटवतात त्या स्टिकरवर व्हिसाच्या प्रकाराच्या रकान्यात एकच अक्षर असतं, सी नाहीतर डी. सी म्हणजे शॉर्ट स्टे, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, फिरायला, पाहुण्यांकडं, कामाच्या मीटिंगला. डी म्हणजे नॅशनल व्हिसा, त्या देशात राहायला जाण्यासाठीचा, आणि बायकोनं नवऱ्याकडं राहायला जाण्याचा रस्ता म्हणजे हा डी. एजंट तुम्हाला सी वर पाठवतोय आणि काम मात्र डी चं होईल म्हणून सांगतोय. गंमत नाही पण फी सुद्धा बघा, सी ची फी जून २०२४ पासनं ९० युरो झालीय आणि डी ची ७५ युरो आहे, म्हणजे बरोबर रस्ता स्वस्तही आहे.

आता कायदा. जर्मनीच्या रहिवास कायद्याचं कलम ५ सांगतं की ज्या कामासाठी परमिट पाहिजे त्या कामाचाच व्हिसा घेऊन देशात आलेलं असलं पाहिजे. हा मूळ नियम. त्याला अपवाद आहेत, ते रहिवासाच्या नियमावलीत कलम ३९ मध्ये आहेत, आणि एजंट लोक हेच कलम अर्धवट ऐकून गावभर सांगत सुटतात. ३९ मध्ये असं आहे की शेंगेन व्हिसावर कायदेशीर आलेल्या माणसाला तिथंच परमिट मागता येतं, पण कधी, तर परमिट मिळण्याचा त्याचा हक्क तिथं आल्यानंतर तयार झाला असेल तर. ह्या 'आल्यानंतर' मध्ये सगळं आहे. तुमचा हक्क कशातनं आला? लग्नातनं. लग्न कधी झालं? फेब्रुवारीत, कोल्हापुरात. म्हणजे तुम्ही उद्या विमानातनं उतरलात तरी तुमचा हक्क आधीच तयार झालेला आहे, आल्यानंतर नवीन काही घडलेलं नाही, त्यामुळं हे दार तुमच्यासाठी नाही.

ह्यावर कुणी म्हणतं की मग तिकडं जाऊन परत लग्न करू, नाहीतर डेन्मार्कला जाऊन करू. एकदा झालेलं लग्न परत करता येत नाही, तिथल्या ऑफिसात आधीच्या लग्नाची माहिती द्यावी लागते आणि लपवली तर तो गुन्हा. आणि ज्यांचं लग्न खरंच झालेलं नाही त्यांच्यासाठीही डेन्मार्कचा रस्ता बंद झालाय, कारण जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २०११ सालीच सांगितलंय की 'आल्यानंतर' म्हणजे शेवटच्या वेळी देशात शिरल्यानंतर, मग डेन्मार्कात लग्न करून परत जर्मनीत आलात तर लग्न शेवटच्या एन्ट्रीच्या आधीचंच झालं की.

तरी तुम्ही म्हणाल की मिस्टरांच्या ऑफिसात एकाच्या बायकोला असंच कार्ड मिळालं. मिळालं असेल, मी खोटं म्हणत नाही. अशा गोष्टी कानावर आल्या की मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, त्या बायकोचा पासपोर्ट कुठला? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया, इस्राएल, ब्रिटन, ह्या देशांच्या लोकांना व्हिसा न काढता जर्मनीत जाऊन तिथंच परमिट मागायची मुभा आहे, नियमावलीचं कलम ४१. भारताचं नाव त्यात नाही. दुसरा, नवरा कुठल्या देशाचा नागरिक? समजा तो फ्रान्सचा किंवा पोलंडचा नागरिक आहे आणि जर्मनीत नोकरी करतोय, तर त्याच्या बायकोला युरोपियन युनियनचा वेगळा कायदा लागतो, तिला चुकीच्या व्हिसावर आली म्हणून नाकारता येत नाही, २००८ साली युरोपियन कोर्टानं मेटॉक खटल्यात हे पक्कं केलंय. तुमचे मिस्टर भारतीय नागरिक, त्यामुळं हे तुम्हाला लागू नाही. आणि उद्या ते जर्मन नागरिक झाले आणि जर्मनीतच राहिले तरी आपोआप लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. तिसरा, तिच्या स्टिकरवर खरंच सी होता का? कारण निम्म्या वेळा डी वरच गेलेली असतात आणि सांगताना सगळे नुसतं 'व्हिसावर गेली' म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे एजंट कधीच सांगत नाही, बहुतेकदा त्यालाच माहीत नसतं. लोकांचा समज असतो की एकदा अर्ज टाकला की निकाल लागेपर्यंत राहता येतं, आपल्याकडं कोर्टात स्टे मिळतो तसं. जर्मनीत असा कागद मिळतो हे खरं आहे, त्याला फिक्शन्सबेशायनिगुंग म्हणतात, म्हणजे जुन्या परमिटची मुदत संपली तरी नवीन अर्जाचा निकाल लागेपर्यंत ती चालू आहे असं धरायचं. पण रहिवास कायद्याच्या कलम ८१ मध्ये स्वच्छ लिहिलंय की मुदत अशी पुढं चालू धरण्याची सोय शेंगेन व्हिसाला नाही. डी वाल्याला आहे, सी वाल्याला नाही. म्हणजे तुम्ही ८० व्या दिवशी अर्ज दिला, त्यांनी घेतला, शिक्का मारून पोच दिली, तरी ९० दिवस संपले की तुमचं तिथलं राहणं बेकायदा. पोच म्हणजे परवानगी नव्हे. आणि त्या ऑफिसांत नुसती अपॉइंटमेंट मिळायलाच काही ठिकाणी महिने जातात, तुमच्या ९० दिवसांत बसून निकाल येईल ही आशाच धरू नका.

९० दिवसांच्या वर राहिलं तर काय? तो गुन्हा आहे, देशाबाहेर काढायची नोटीस येते, पुन्हा यायला काही वर्षांची बंदी लागू शकते. आणि आता तर मोजायला माणूसही लागत नाही, १२ ऑक्टोबर २०२५ पासनं शेंगेनच्या सीमांवर नवीन एन्ट्री-एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्यानं सुरू झालीय, चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची तारीख कॉम्प्युटरमध्येच जाते. पूर्वी शिक्के मोजताना एखादा दिवस नजरेतनं सुटायचा, तसं आता होणार नाही.

एक केस सांगतो, नाव-गाव नको. इचलकरंजीकडची मुलगी, एमकॉम झालेली, लग्नानंतर चार महिन्यांनी एका एजंटनं तिला असंच सी वर पाठवलं. तिकडं पोहोचल्यावर दोघं एका मोठ्या शहरातल्या परकीय नागरिकांच्या ऑफिसात गेले. तिनं मला सांगितलं ते जसंच्या तसं आठवतं, काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट उघडला, स्टिकरवाल्या पानावर आली, पासपोर्ट उलटा करून हिच्याकडं फिरवला आणि पेन्सिलीचं टोक त्या एका अक्षरावर ठेवलं. सी. दुसरं काही बोललीच नाही. नवरा हुज्जत घालत राहिला, लग्नाचं सर्टिफिकेट, पगाराच्या स्लिपा, घराचा करार, सगळं टेबलावर पसरलं, ती बाई शांतपणे म्हणाली कागद चांगले आहेत, हे सगळं मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटला द्या. त्यातनंही त्यांनी अर्ज दिला, कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि पुढचे दोन महिने रोज पोस्टाची पेटी बघत काढले. फिरणं नाही, काही नाही, पोटात गोळा घेऊन. ८७ व्या दिवशी ती परत आली. माझ्यासमोर बसली तेव्हा तिला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटत होतं माहितेय का, नवऱ्याबरोबर तीन महिने मिळाले होते आणि त्यातला एकही दिवस धड गेला नाही ह्याचं.

मग आम्ही डी ची फाईल लावली तर पहिला प्रश्न तोच आला, तुम्ही सी च्या अर्जात पर्यटन लिहिलं होतं, परत येणार म्हणून सही केली होती, मग तिथं परमिटचा अर्ज का दिला? तिला सविस्तर पत्र लिहून द्यावं लागलं, जे झालं ते खरं खरं. शेवटी व्हिसा मिळाला, पण वेळ गेला, आणि जो वेळ वाचवायला निघाली होती त्याच्या दुप्पट गेला.

हा खोट्या कारणाचा मुद्दा साधा समजू नका. सी च्या फॉर्मवर सही तुमची असते, एजंटची नसते. राहायला जायचंय हे मनात पक्कं असताना पर्यटन लिहिणं म्हणजे व्हिसासाठी खोटी माहिती देणं, तो जर्मन कायद्यात गुन्हा आहे आणि परमिट नाकारायला कारणही होतं. आणि खरं सांगू का, नवरा तिकडं कायमचा राहतोय, बायको इथं एकटी, नोकरी नाही, अशा मुलीचा टुरिस्ट व्हिसा बऱ्याचदा आधीच रिजेक्ट होतो, कारण लिहितात की मुदत संपायच्या आत परत जाण्याबद्दल शंका वाटते. ते रिजेक्शन व्हिसाच्या कॉम्प्युटरमध्ये पाच वर्षं राहतं. म्हणजे दीड लाख देऊन आपल्याच फाईलवर काळा डाग लावून घ्यायचा. असं करू नये, कळकळीनं सांगतो.

आणखी एक अपवाद आहे, तोही सांगून टाकतो. कलम ५ मध्येच ऑफिसला मुभा आहे की खास परिस्थितीत, परत पाठवणं माणुसकीला धरून होणार नसेल तर व्हिसाचा नियम सोडून देता येतो. उदाहरणार्थ सी वर भेटायला गेलेली मुलगी तिथं गरोदर आहे हे कळलं आणि डॉक्टरांनी गुंतागुंत सांगून प्रवास बंद केला, किंवा नवरा तिथं गंभीर आजारी पडला. पण हे त्या ऑफिसरच्या विवेकावर असतं, हक्क म्हणून मागता येत नाही, आणि लांबच्या प्रवासाचा खर्च, वेळ, वाट बघण्याचा त्रास ही कारणं कोर्टं मान्य करत नाहीत. असं खरंच घडलं तर तिथला वकील गाठायचा, इथनं माझ्यासारख्यानं सांगण्यात अर्थ नाही. आणि हे ठरवून करायची गोष्ट नाही, एकीनं मला तसं विचारलं होतं, मी तिला घरी पाठवून दिलं.

बरं, मग करायचं काय. तुमची बाजू मुळात भक्कम आहे ताई. ब्ल्यू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मन भाषेच्या ए१, म्हणजे पहिल्या पायरीच्या, परीक्षेची अट नाही. काही परमिटांना ती लागते आणि मग पुण्याला जर्मन शिकवणाऱ्या मॅक्स म्युलर भवनच्या चकरा, क्लास, परीक्षेची तारीख, ह्यातच चार-पाच महिने जातात. मिस्टरांच्या कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवून घ्या आणि शेऱ्याच्या जागी कलम कुठलं छापलंय ते बघा, ब्ल्यू कार्ड असेल तर कलम १८जी असतं, नोव्हेंबर २०२३ च्या आधी काढलेलं असेल तर १८बी चा दुसरा परिच्छेद. हे मी सगळ्यांना आधी बघायला लावतो, कारण 'माझं ब्ल्यू कार्ड आहे' म्हणणाऱ्यांपैकी काहींचं साधं वर्क परमिट निघतं आणि मग त्या परमिटाचे नियम वेगळे तपासावे लागतात. अट नसली तरी भाषा शिकायला आजपासनं सुरुवात करा, तिकडं बेकरीत पाव मागायला आणि डॉक्टरला कुठं दुखतंय ते सांगायला तुम्हालाच लागणार आहे.

आता लग्नाचं सर्टिफिकेट, इथं मी जरा जास्त बोलणार, कारण कोल्हापूर जिल्ह्यातनं गेलेल्या फायली जिथं अडकल्या त्यातल्या बहुतेक इथंच अडकल्या. आपल्याकडं विवाह नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते, नमुना ड म्हणजे तुम्ही भरून द्यायचं ज्ञापन आणि नमुना इ म्हणजे मिळणारं सर्टिफिकेट. शहरात महापालिकेकडं, खेड्यात ग्रामपंचायतीकडं. ज्ञापनावर नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी, सगळ्यांच्या सह्या. घोटाळा होतो तो नावात. पासपोर्टवर तुमचं माहेरचं नाव, मधलं वडिलांचं. ज्ञापनात भरणाऱ्यानं सवयीनं सासरचं भरलं. त्यात लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलेलं असतं, ते सासऱ्यांनी हौसेनं फॉर्ममध्ये घातलं. वडिलांचं नाव पासपोर्टवर नुसतं, सर्टिफिकेटवर पुढं 'राव' लागलेलं. पाटील चं स्पेलिंग एका ठिकाणी दोन आय आणि दुसऱ्या ठिकाणी एक. आपल्याला हे सगळं एकच माणूस आहे हे लांबनं कळतं, पण मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये बसलेल्या जर्मन ऑफिसरला 'राव' म्हणजे आदरार्थी शब्द आहे हे कसं कळावं? त्याच्या दृष्टीनं दोन वेगळी माणसं.

कागलजवळच्या एका मुलीच्या सर्टिफिकेटवर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख ह्यांची अदलाबदल झाली होती, घरात कुणी कधी वाचलंच नव्हतं, लॅमिनेशन करून कपाटात ठेवलेलं. लॅमिनेशनही करू नका बरं का, मूळ कागद आहे तसा ठेवा. ती दुरुस्ती करून घ्यायला ग्रामपंचायतीत साक्षीदारांना परत बोलवावं लागलं, त्यातला एक सौदीला. तर आज संध्याकाळी सर्टिफिकेट आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, इंग्रजी बाजूचं तर हमखास. आणि ग्रामपंचायतीकडनं नुसतं मराठी मिळालं असेल तर भाषांतर लागेल.

पासपोर्टवरचं नाव आता बदलायच्या भानगडीत पडू नका, हे माझं मत. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरच्या नावावर तुमची दहावी, डिग्री, पासपोर्ट सगळं एका ओळीत आहे, ते तसंच राहू दे, पुढं तिकडं डिग्री दाखवून नोकरी मागताना त्याचा उपयोग होईल. सासूबाईंना वाटत असेल की नाव बदलायला पाहिजे, तर त्यांना सांगा व्हिसा झाल्यावर बघू. पासपोर्टची मुदत मात्र तपासा, वर्ष-दीड वर्षच राहिली असेल तर आधी रिन्यू करून घ्या, कोल्हापुरातच पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जायला नको.

अर्ज आता ऑनलाईन होतो. जानेवारी २०२५ पासनं जर्मनीनं कॉन्सुलर पोर्टल सगळीकडं सुरू केलंय, त्यावर फॅमिली रियुनियनचा, म्हणजे घरच्या माणसाकडं राहायला जाण्याचा, अर्ज भरून कागद अपलोड करायचे, ते आधी तपासतात, काही कमी असेल तर सांगतात, मग बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायला अपॉइंटमेंट. अपलोड करताना मोबाईलनं तिरके फोटो काढून टाकू नका, नीट स्कॅन करा, एका कागदाची सगळी पानं एकाच फाईलमध्ये. मिस्टरांकडनं लागेल पासपोर्टची आणि कार्डाची कॉपी, तिथल्या पत्त्याच्या नोंदीचं सर्टिफिकेट, नोकरीचा करार, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, आणि हेल्थ इन्शुरन्स कंपनीचं पत्र की बायको आल्यावर तिला विम्यात घेऊ. ते सरकारी पद्धतीच्या विम्यात असतील आणि तुम्हाला स्वतःची कमाई नसेल तर तुमचा विमा त्यांच्यातच फुकट होतो, फक्त प्रवासाच्या दिवसापासनं तिथली नोंद होईपर्यंत ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा काढायचा. चेकलिस्ट पोर्टलवरचीच धरा, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मैत्रिणीची नको.

अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री मुंबईला जायचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं जावा, पण त्याच सकाळची वेळ घेऊ नका, गाडीला दोन तास उशीर झाला की डोळ्यांत पाणी येतं. मी सगळ्यांना आदल्या दिवशीच पोहोचायला सांगतो.

किती दिवस लागतात? माझ्या फायलींवरनं सांगतो, कागद धड असतील तर ठसे दिल्यापासनं कधी सहा आठवड्यांत आला, कधी तीन-साडेतीन महिने गेले. हे तिथल्या शहराच्या ऑफिसवरही असतं, कारण बऱ्याच वेळा कॉन्सुलेट त्यांचं मत मागवतं. इथं मिस्टरांनी एक करावं, अर्ज गेल्यावर महिन्याभरानं आपल्या शहराच्या ऑफिसला एक नम्र ईमेल टाकावी, फाईल नंबर देऊन. रोज टाकू नये.

ज्यांचं अजून जायचं ठरतंय त्यांच्यासाठी सांगून ठेवतो, नवऱ्याची कंपनी ४११ युरो भरून फास्ट ट्रॅक, म्हणजे व्हिसाची जलद प्रक्रिया, करत असेल तर बायको-मुलांचे अर्ज त्याच्याबरोबरच लावता येतात. लग्न ठरलेल्या पोरांनी हे कंपनीच्या एचआरला आधीच विचारावं. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली.

डी वर पोहोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करायची, त्याला घरमालकाचं पत्र लागतं, ते मिस्टरांना आधीच घेऊन ठेवायला सांगा. आणि दाराच्या पोस्टाच्या पेटीवर तुमचंही आडनाव लावा, माहेरचंच ठेवलंय ना, मग ते त्यांच्या आडनावाखाली लावलंच पाहिजे, नाहीतर पोस्टमन तुमची सरकारी पत्रं परत नेतो आणि टॅक्स नंबरपासनं सगळं त्याच पेटीत येणार असतं. मग डी ची मुदत संपायच्या आत रेसिडेन्स कार्डाचा अर्ज, फी साधारण १०० युरो. अपॉइंटमेंट उशिराची मिळाली तरी अर्ज लेखी दिलेला असू द्या आणि पोच जपा, कारण इथं मात्र ते कलम ८१ तुमच्या बाजूनं उभं राहतं, कार्ड हातात यायच्या आधी मुदत संपली तरी तुम्ही कायदेशीर असता. नोकरीही करता येते, बायकोच्या परमिटवर कामाची वेगळी परवानगी मागावी लागत नाही. सी वर गेला असतात तर एक दिवस काम करायची सोय नव्हती.

राहिला प्रश्न मधल्या महिन्यांचा. नुसतं भेटायला म्हणून सी वर जाऊन यायला कायद्यानं बंदी नाही, खरंच भेटून परत यायचं असेल आणि फॉर्ममध्ये नवरा तिथं आहे, डी चा अर्ज चालू आहे हे स्पष्ट लिहिलं असेल तर. पण त्यात पासपोर्ट अडकतो, रिजेक्शनची भीती असते, मी सहसा नको म्हणतो. त्यापेक्षा मिस्टरांनाच आठ-दहा दिवस येऊ दे, त्यांच्याकडं कार्ड आहे, त्यांना परत जायला काही अडचण नाही.

एजंटला पैसे दिलेच असतील तर त्यानं तुमच्या नावानं कुठला अर्ज भरलाय का, ते आधी बघा. भरून सबमिट केला असेल तर तो रीतसर मागे घ्या आणि त्याची पोच ठेवा, डी च्या फॉर्ममध्ये आधीच्या व्हिसा अर्जांची माहिती विचारतात, तिथं जे आहे तेच लिहायचं. मूळ सर्टिफिकेट आणि पासपोर्ट त्याच्याकडं ठेवला असेल तर उद्या सकाळी जाऊन घेऊन या, एकट्या जाऊ नका, सासऱ्यांना किंवा दिराला बरोबर घ्या. आणि ते सर्टिफिकेट पासपोर्टशी जुळवून बघितल्यावर त्यात काय फरक निघाला ते मला इथंच कळवा, नावं न लिहिता नुसता फरक लिहा, महापालिकेत कुठला अर्ज द्यायचा ते सांगतो.